एका गाडीचा पूल

धुक्यात समोर दोन दिवे दिसले आणि नेरिडानं ब्रेक दाबला.

पूल लाकडी, रुंदी एका गाडीपुरती. त्याची रीत पेंडर गावची पोरं चालायच्या आधी शिकतात. समोर दिवे दिसले की आपण थांबायचं आणि स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचं. म्हणजे, ये बाबा, आधी तू. तो पूल ओलांडून येतो, शेजारून जाताना त्याचंही एक बोट वर. म्हणजे, बरं झालं भेटलास. हॉर्न मात्र वाजवायचा नाही. पुलावर हॉर्न वाजवणाऱ्याला पेंडरमध्ये कुणी मुलगी देत नाही, आणि वाजवणारी मुलगी असेल तर तिला कुणी करून घेत नाही.

तर नेरिडा थांबली. बोट वर केलं. पलीकडचा हलेना. तोही थांबलेला! ही थांबली, तो थांबला... मधे धुकं पाय पसरून बसलेलं, खाली नदी कुजबुजतेय. शेवटी मागं ठेवलेल्या, खिमा भरलेल्या मीट-पाय निवायला लागल्या म्हणून नेरिडानंच बेकरीची पांढरी व्हॅन पुलावर घातली. फळ्या खडखडल्या.

पलीकडे उभी होती क्रीम रंगाची जुनीपुराणी यूट. मागचा हौदा उघडा, एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा. शेजारून जाताना काचेला काच लागेल इतकी जवळ. आत एक तरुण. केस ओलसर, डोळे तळ्याच्या पाण्यासारखे राखाडी. तो तिच्याकडे असा बघत होता, जणू... जणू तीच एखादी न दिसणारी गोष्ट होती आणि त्याला दिसून गेली होती.

नेरिडानं बोट उचललं.

त्यानं नाही उचललं. दोन्ही हातांनी चाक गच्च धरलेलं, बोटांची पेरं पांढरीफटक.

नेरिडाच्या मानेवरून थंडगार मुंगी चालत गेली. कारण त्या रस्त्यावर बोट कोण उचलत नाही, ते तिला ठाऊक होतं.

मेलेली माणसं.

"क्रीम रंगाची?" आयव्ही मावशीनं विचारलं.

आयव्ही खरं तर नेरिडाच्या आईची मावशी, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. गावातली बेकरी तिची. तिचे पाव वीतभर फुगत आणि तिच्या गोष्टी हातभर. धरण बांधलं तेव्हा जुनं पेंडर तळ्याखाली गेलं. घरं उचलून टेकडीवर आणली, चर्च तेवढं खाली राहिलं. तर त्या चर्चमध्ये दर रविवारी मासे रांगेनं बसतात, हे मावशीनंच सांगितलेलं. तळ्याभोवतीच्या फेरीला शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, विधवेच्या कड्यावर उतरून पाण्यातल्या वाळक्या निलगिरींपुढं फोटो काढतात, आणि घरी जाऊन बघतात तर फोटोत एक माणूस जास्त! हेही मावशीचंच. पण हे दुसरं खरं आहे बरं का.

"उजव्या दाराला पोचा होता?" मावशी म्हणाली.

"मावशी, मी काय ती विकत घेणार होते?"

"होता का नव्हता?"

"होता... बहुतेक."

मावशीचं लाटणं थांबलं. "क्लेम ट्रेगेनची गाडी ती. तळ्यात पाणी सोडलं त्या सकाळी जुन्या रस्त्यानं गेला तो थेट तळात. बुडताना चाक गच्च धरलंन्, ते अजून सुटलेलं नाही. म्हणून त्या लोकांना बोट उचलता येत नाही, पोरी. त्याच्यासाठी थांबू नकोस. पुलाच्या फाट्यावरून तो तळ्याकडं वळतो, आणि जो मागं जातो तो..."

"पण दिसायला बरा होता गं."

"मेलेले बरेच दिसतात. कटकट करत नाहीत ना."

झालं. नेरिडानं ठरवलं, की उद्यापासून त्या गाडीकडं बघायचं नाही. आणि उद्या उजाडायच्या आत तिनं केस दोनदा विंचरले!

तो असायचाच. रोज तिच्या आधी येऊन पुलाच्या पलीकडच्या टोकाला, दिवे लावून थांबलेला. पाव घेऊन ती पूल ओलांडायची, बोट उचलायची, तो उचलायचा नाही. पण एके दिवशी त्याच्या भुवया वर गेल्या. एके दिवशी ओठाचा एक कोपरा हलला. आणि एके दिवशी तो हसला — म्हणजे अगदी हसलाच — आणि नेरिडा कड्यावरच्या चहावालीला पाव द्यायचे सोडून तशीच पुढं निघून गेली, मग परत मागं आली.

तिनं व्हॅनच्या काचेशी वॅटलच्या पिवळ्या फुलांची डहाळी खोचली. ती त्यानं बघितली. दुसऱ्या दिवशी पुलाच्या कठड्यावर, तिचा हात पोचेल अशा जागी, वॅटलची ताजी डहाळी ठेवलेली! नेरिडानं काच खाली करून उचलली. ओलीचिंब होती. फुलांना वास फुलांचा नव्हता... चिखलाचा, शेवाळाचा. तळ्याचा.

तरीही तिनं ती उशाशी ठेवली. आता सांगा, या वयाला काय म्हणायचं?

"पाव वाटायला लिपस्टिक कशाला लागते गं?" मावशी म्हणाली.

"ओठ फुटतात थंडीनं."

"हो का! आमच्या वेळी ओठ फुटले की लोणी लावायचे. भुतांना लाल रंग आवडतो म्हणे."

"मावशी... भूत झालेल्या माणसाला कळत असेल का, की तो भूत आहे?"

मावशीनं भट्टीचं दार लावलं. मग म्हणाली, "त्याला नसेल कळत. वाट बघणाऱ्याला कळतं."

नेरिडाला भीती भुताची नव्हती. भीती ही होती की एके दिवशी तो पलीकडं नसेल, आणि तो कोण होता हे विचारायलाही कुणी उरणार नाही.

मग ती सकाळ आली. रात्रभर डोंगरात पाऊस झाला होता, तळं चढलं होतं. धुकं असं, की आपलाच हात आपल्याला ओळख दाखवेना. पलीकडं एक दिवा पिवळा, एक फिका. नेरिडानं ठरवलं होतं, आज काच खाली करायची, नाव विचारायचं. पूल ओलांडला, यूटच्या शेजारी आली... त्याची काच आधीच खाली होती. तो तोंड उघडून काहीतरी म्हणणार, इतक्यात आतून तळ्याचा गार वास आला, आणि मेली हिंमत ऐनवेळी पळाली! नेरिडानं पाय दाबला, व्हॅन सुसाट.

आरशात बघितलं, तेवढ्यात मागचं धुकं जरा फाटलं. यूट पुलावर चढली. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला होता — तिच्यासाठी, वर केलेला. यूट पूल उतरली, फाट्यावर आली. उजवीकडं गाव, डावीकडं जुना रस्ता. लाल दिवे डावीकडं वळले.

जुना रस्ता तळ्यातच जातो. थेट, उतारानं, पाण्याखालच्या चर्चपर्यंत.

जिवंत असेल तर तो बुडेल, नेरिडाच्या मनात आलं. मेलेला असेल तर मी बुडेन.

विचार करायला तेवढाच वेळ होता. व्हॅन वळवायला जागा नव्हती. तिनं ती उलटीच पुलावर घातली, मान मागं, फळ्या बोंबलतायत, ट्रे आपटतायत — आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पुलावर हॉर्न दाबून धरला. जाईना का लग्नाची लायकी! अख्ख्या दरीत तो आवाज घुमला. झाडावरचे पांढरे काकाकुवे किंचाळत उडाले. आणि तळ्याकडून, खालून, ठण्ण्... घंटा वाजल्यासारखं झालं एकदा. तिनं ऐकलं नाही असं स्वतःला सांगितलं.

जुन्या रस्त्याच्या टोकाला यूट उभी होती. पुढची चाकं पाण्यात. धुक्यात वाळकी पांढरी झाडं, माणसं उभी राहावीत तशी. दार उघडं. आणि तो गुडघाभर पाण्यात उभा.

नेरिडा व्हॅनमधून उतरली, पण लांबच थांबली.

"जिवंत आहेस?"

"तू?" तो म्हणाला.

"मी आधी विचारलं!"

"आहे बहुतेक. बुटात पाणी गेलंय. मेलेल्याला इतकं गार लागत नसावं."

"तुझ्या सांगण्याचा काय भरवसा? हे खा." तिनं हात लांब करून मीट-पाय पुढं केली. त्यानं मोठा घास घेतला आणि पाण्यातच नाचायला लागला.

"भाजलं! भाजलं!"

"जिवंत आहे," नेरिडा म्हणाली, आणि तिथंच रस्त्यावर बसली.

"थांब. आता तू खा," तो बाहेर येत म्हणाला. "उरलेली. माझ्यासमोर."

"मी कशाला?"

"पबवाल्यानं सांगितलंय मला. धुक्यात पावाचा वास आला की सांभाळ. बेकरीची एक पोरगी पुलावर कुणाची तरी वाट बघत गारठून मेली, अजून पाव वाटत फिरते."

"हे मावशीचंच पिल्लू!" नेरिडानं घास घेतला. "आणि तरी तू डहाळी ठेवलीस?"

"म्हटलं, मेली म्हणून फुलं आवडायची थांबतात थोडीच. काठावरचीच तोडली, इथली."

"आणि रोज माझ्या आधी येऊन थांबायचास ते?"

तो बुटातलं पाणी ओतायला लागला, म्हणजे तिच्याकडं बघावं लागू नये. "समोरासमोर आलो असतो तर तू भुर्रकन गेली असतीस. थांबलं की... तू हळू येतेस. चेहरा नीट दिसतो."

नेरिडाचे कान गरम झाले. "मग बोट का नाही उचललंस एकदाही?"

"कुठलं बोट?"

तिनं सांगितलं. तो हसला. त्याचं नाव फर्गस. पेंडरच्या पुढच्या गावात धान्याच्या उंच टाक्यांवर चित्रं रंगवायला आलेला, पुलापलीकडं मेंढ्या कातरणाऱ्यांच्या रिकाम्या खोलीत राहणारा, शहरातला. बोट बिट त्याला काय ठाऊक! "आणि माहीत असतं तरी जमलं नसतं. ही गाडी एक हात सुटला की डावीकडं ओढते. तीन गॅरेजवाले थकले. आज पहिल्यांदाच तुला हात करायला चाक सोडलं, तर ही थेट इकडं आली. तुझा हॉर्न ऐकून ब्रेक मारला, नाहीतर..." त्यानं पाण्याकडं पाहिलं. "गाडी आजोबांची आहे."

नेरिडानं उजव्या दाराकडं पाहिलं. पोचा होता.

"क्लेम ट्रेगेन?"

"तुला कसं माहीत?"

"ते... इथं बुडाले ना?"

"आजोबा? मागच्या हिवाळ्यात वारले, गिलाँग शहरात, गादीवर." मग तो अचानक थांबला. स्वतःच्या हाताकडं बघायला लागला. "शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. पण दारावरून कुणी गेलं, नर्स, साफसफाईवाला, की ते चादरीवर एक बोट उचलायचे. असं. आम्हाला वाटायचं, बोट थरथरतंय. आम्ही हात धरून ठेवायचो, स्वस्थ पडा म्हणायचो..."

नेरिडानं फक्त एक बोट उचललं. फर्गसनं उचललं. काठावर दोघं तशीच बसून राहिली, धुकं आपलं मधून मधून डोकावत होतं.

दोराला बांधून यूट वर ओढली, ती बेकरीच्या मागच्या अंगणात आणून लावली. आयव्ही मावशी बाहेर आली. आधी तिनं गाडी पाहिली. मग पोचा पाहिला, त्यावरून तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग फर्गसला पाहिलं, आणि पिठाचं भांडं हातातून गेलं.

"डोळे तेच," ती म्हणाली.

"मावशी, क्लेम बुडाला नव्हता," नेरिडा म्हणाली.

"मला काय सांगतेस? बुडाला असं मीच सांगितलं गावाला. पळून जायचं ठरवून पोरगा आलाच नाही म्हणायचं, त्यापेक्षा बुडालेला बरा. निदान रडता तरी येतं."

फर्गस हळूच म्हणाला, "आजोबा आले होते. नेहमी सांगायचे आम्हाला. पुलापाशी ठरलं होतं. ते पलीकडच्या टोकाला थांबले, धुकं होतं, पण गाडीची चाहूल लागली होती. खूण केली होती म्हणाले, आधी तू ये म्हणून; ती खूण बोटाची, हे मला आज कळलं. पाणी रस्त्यावर येईपर्यंत थांबले. ती आली नाही."

मावशीचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"मी अलीकडच्या टोकाला होते," ती म्हणाली. "बेकरीच्या व्हॅनमध्ये, पिशवी घेऊन. मीही बोट उचलून धरलं होतं. आधी तू ये म्हणून."

कुणी हललं नाही. भट्टीत पाव करपायला लागले तरी नाही.

"एकदा," मावशी म्हणाली, "दोघांपैकी एकानं एकदा हॉर्न वाजवला असता..."

मग तिनं नाक पुसलं, आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "बघत काय बसलात! कड्यावरचे पाव कोण पोचवणार, मासे? जा दोघंही. आणि पोरी, तुझी ती ओठ फुटल्याची लिपस्टिक ठेवून जा इथं."

दोघं व्हॅनमधून निघाली. यूटची किल्ली फर्गसच्या खिशात होती. बसताना टोचली म्हणून त्यानं ती काढून पुढं ठेवली, हे लक्षात ठेवा. दुपार असून धुकं पुन्हा खाली आलेलं, वॅटलचा पिवळा रंग तेवढा धुरकट दिसत होता.

"काम संपलं की जाशील?" नेरिडानं रस्त्याकडं बघत विचारलं.

"टाकीवर एक चेहरा रंगवायचा राहिलाय. पाववाली बाई. रोज धुक्यातून दिसायचा तेवढाच माहीत होता, म्हणून अडलं होतं." तो थांबला. "आता जवळून दिसतोय, तर... अजूनच अडलंय."

"मग?"

"मग काय. वेळ लागेल. बरीच वर्षं लागतील असं वाटतंय."

"फर्गस ट्रेगेन, हे तू सरळ बोलणार आहेस का मी हॉर्न वाजवू?"

"तू मला आवडतेस!" तो घाईघाईनं म्हणाला. "मेलेली होतीस तेव्हापासून!"

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिचा पाय ब्रेकवर गेला.

पूल आला होता. पलीकडं दोन दिवे. एक पिवळा, एक फिका.

फर्गसनं पुढं ठेवलेल्या किल्लीला हात लावला. होती. नेरिडानं त्याचा हात धरला, दुसऱ्या हाताचं बोट स्टिअरिंगवरून उचललं. पलीकडचे दिवे जागचे हलले नाहीत. थांबलेले. आधी तू ये, म्हणत.

"नाही," नेरिडा पुटपुटली, "या वेळी नाही," आणि तिनं हॉर्न वाजवला. छोटासा. दाराची कडी वाजवावी तेवढा.

दिवे हलले. क्रीम रंगाची यूट पुलावर चढली. फळ्या वाजल्या नाहीत. गाडी शेजारून गेली, काचेला काच लागेल इतकी जवळ. चाकामागं टोपी घातलेला तरुण, राखाडी डोळ्यांचा. त्याचं एक बोट उचललेलं, सैल, सहज. त्याच्या शेजारी पिशवी मांडीवर घेतलेली एक पोरगी, ओठ लालभडक, समोर बघत होती आणि हसू काही तिला आवरत नव्हतं.

फाट्यावर यूट डावीकडं वळली. पाण्याचा आवाज आला नाही. काहीच आला नाही.

नेरिडानं व्हॅन वळवली ती बेकरीच्या दारात थांबवली. "मावशी! मावशी!" करत आत धावली.

मावशी गल्ल्यामागं उभी होती. केस ओले, गाल लाल, ओठ त्याहून लाल.

"ओरडायला काय झालं? पाव पोचले?"

"कुठं गेली होतीस?"

"मी? या गुडघ्यांनी मला कोण कुठं नेणार?"

फर्गस मागच्या अंगणातून आला, चेहरा पांढरा. "गाडी जागेवर आहे. पण बॉनेट गरम आहे. चाकांना शेवाळ लागलंय. आणि शेजारच्या सीटवर..." त्यानं बोटं दाखवली. पीठ.

"जुन्या गाड्या," मावशी म्हणाली, "कधी कधी आपल्या आपण तापतात." आणि लिपस्टिक नेरिडाच्या हातात परत दिली. पार टोकापर्यंत झिजलेली.

त्या दिवसापासून यूट डावीकडं ओढायची थांबली. फर्गस ती एका हातानं चालवतो, नेरिडा शेजारी असली की दुसरा हात कुठं असतो ते तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. पुलाशी आला की पलीकडं कुणी असो नसो, तो एक बोट उचलतो. मग नेरिडा हात लांब करून हॉर्न वाजवते.

धुकं असलं, तर कधी कधी पलीकडूनही वाजतो.